स्पॅनिशमधी वार, महिने न तारीख: मराठी माणसानं कुठून सुरू करावं

स्पॅनिश शिकायचं म्हणलं की सगळे 'ओला, कोमो एस्तास' (नमस्कार, कसा आहेस) पासून सुरू करतात आणि तिथंच अडकून बसतात, कारण त्याच्यापुढं समोरचा माणूस काय बोलंल याचा काही नेम नसतो. माझं म्हणणं वेगळंय. तारीख-वारापासून सुरू करा. सात वार, बारा महिने, एकतीस आकडे, आणि वर दहा-पंधरा शब्द. एवढ्यावर रूमचं बुकिंग घेता येतं, ट्रिप ठरवता येते, वाढदिवस विचारता येतो, आणि कुणी काय विचारणार हे आधीच माहीत असल्यामुळं भीती पण वाटत नाही.

आपल्याकडं वेरूळ-अजिंठ्यामुळं स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिनाकडचे पाहुणे येतच राहतात. संभाजीनगरातले गाईड, होमस्टेवाले, टॅक्सीवाले, पैठणी-हिमरूच्या दुकानातली पोरं यांना हे लगेच कामाला येतं. बाकी ज्यांना घरबसल्या ऑनलाईन काम करायचंय किंवा नुसती आवड म्हणून शिकायचंय त्यांना पण हेच लागू.

एक गोष्ट आधीच सांगतो, इंग्रजीतून स्पॅनिशकडं जाऊ नका. सरळ मराठीतून जा. कामून ते पुढं कळंलच.

आधी तोंड तयार करा

इथं मी सगळं देवनागरीत लिहिलंय, पण वहीत स्पॅनिश स्पेलिंग पण शेजारी लिहून ठेवा आणि मोबाईलवर एकदा ऐकून घ्या, कारण कुठल्याच लिपीत दुसऱ्या भाषेचा आवाज पुरता बसत नाही.

त आणि द हे आपल्यासारखेच दातावरचे. इंग्रजी मीडियमची पोरं 'डोमिंगो', 'मार्टेस' म्हणतात, तसं करू नका, 'दोमिंगो' न 'मार्तेस' म्हणा, मराठी तोंडाला ते सोपंच जातं. एच अक्षर लिहितात पण बोलत नाहीत. व्ही आणि बी चा उच्चार एकच, आपल्या ब च्या जवळचा, म्हणून शुक्रवार लिहिताना व्ही असला तरी म्हणायचा बिएर्नेस. जे अक्षराचा आवाज स्पेनमधी ख़बर, ख़ाली मधल्या ख़ सारखा घशातून येतो, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही, दखनी ऐकतच मोठे झालोय आपण. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तोच आवाज मऊ होऊन ह सारखा होतो. मी खाली ह लिहिलाय.

झेड आणि काही ठिकाणी सी हे स्पेनमधी जीभ दातात धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सरळ स. सुरुवातीला स च धरा, दोन्हीकडं समजतं.

आता एन वर नागमोडी रेघ असते ते अक्षर. ते न्य सारखं, 'आन्यो' म्हणजे वर्ष. ती रेघ विसरलात तर शब्द होतो 'आनो' आणि त्याचा अर्थ गुदद्वार. स्पॅनिशमधी वय सांगताना 'मला एवढी वर्षं आहेत' असं म्हणतात, 'तेन्गो बेइन्ते आन्योस', म्हणजे मी वीस वर्षांचा. रेघ न देता हे मेसेजमधी पाठवलं तर काय वाचलं जाईल ते तुम्हीच बघा. मोबाईलच्या कीबोर्डवर एन दाबून धरला की ते अक्षर वर येतं. पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

वार

लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, हुएबेस, बिएर्नेस, साबादो, दोमिंगो. सोमवार ते रविवार, याच क्रमानं.

इथं मराठी माणसाचा मोठा फायदा आहे. चंद्राला स्पॅनिशमधी लुना म्हणतात, त्यावरून लुनेस, आणि आपला सोम म्हणजे पण चंद्रच. मार्ते म्हणजे मंगळ, मार्तेस मंगळवार. मेर्कुरिओ म्हणजे बुध, मिएर्कोलेस बुधवार. हुपितेर म्हणजे गुरू, हुएबेस गुरुवार. बेनुस म्हणजे शुक्र, बिएर्नेस शुक्रवार. पाच वार ग्रहाला ग्रह जुळतात. इंग्रजीतून गेलं तर ट्यूसडे-वेन्सडेमधी हे काहीच दिसत नाही, म्हणून म्हणलं सरळ मराठीतून जा. शनिवार-रविवारला मात्र हे गणित मोडतं. साबादो आला ज्यूंच्या सब्बाथवरून आणि दोमिंगो म्हणजे देवाचा, प्रभूचा वार. हे दोन पाठच करा.

जोर कुठं द्यायचा ते पण बघा. सगळ्या वारांचा जोर पहिल्या तुकड्यावर, साबादोत सा वर, फक्त दोमिंगोत मिं वर.

वारांची आणि महिन्यांची नावं वाक्याच्या मधी आली तर स्पॅनिशमधी लहान अक्षरानं लिहितात, इंग्रजीसारखं पहिलं अक्षर कॅपिटल नाही. आणि स्पेनच्या कॅलेंडरवर वारांची आद्याक्षरं बघितली तर बुधवारच्या जागी एक्स दिसंल, घाबरू नका, मंगळ आणि बुध दोघांचं पहिलं अक्षर एम पडतं म्हणून बुधाला एक्स दिलाय. आठवडा तिकडं सोमवारी सुरू होतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, हिच्यावर थोडं थांबा. आपण म्हणतो 'सोमवारी येतो' आणि 'दर सोमवारी येतो'. स्पॅनिशमधी हे नुसत्या एका छोट्या शब्दानं बदलतं. 'एल लुनेस' म्हणजे सोमवारी, त्या एका सोमवारी. 'लोस लुनेस' म्हणजे दर सोमवारी. वेगळा 'मधी'चा शब्द लावायचा नाही, इंग्रजीतल्या ऑन चं भाषांतर करून 'एन लुनेस' म्हणणारे लई जण भेटतात, ते चूक. साबादो आणि दोमिंगोला अनेकवचनात स लागतो, लोस साबादोस, लोस दोमिंगोस. बाकीच्या पाचांना आधीच शेवटी स आहे, ते तसेच राहतात.

प्रॅक्टिसला आपला आठवडी बाजार घ्या. गावाचा बाजार गुरुवारचा असंल तर 'लोस हुएबेस आय मेर्कादो', दर गुरुवारी बाजार असतो. तुमच्या गावाचा जो वार असंल तो टाका. सोमवारचा उपवास धरत असाल तर 'आयुनो लोस लुनेस'. मामाचं गाव, सासरचं गाव, तालुका, प्रत्येकाचा बाजारवार म्हणत गेलं की आठवडा तोंडात बसतो.

आणि गाईड-टॅक्सीवाल्यांनी तर ही दोन वाक्यं झोपेत पण म्हणता आली पाहिजेत. अजिंठा लेणी सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. 'आजंता सिएर्रा लोस लुनेस.' 'एलोरा सिएर्रा लोस मार्तेस.' सिएर्रा म्हणजे बंद होतं. उलट बाजूनं सांगायचं तर 'आबिएर्तो दे मार्तेस आ दोमिंगो', मंगळवार ते रविवार उघडं, ही अजिंठ्याची पाटी झाली. दे पासून, आ पर्यंत. पाहुणा सोमवारी सकाळी अजिंठ्याच्या गाडीत बसायच्या आधी त्याला हे कळलं पाहिजे, नाहीतर शंभर किलोमीटर जाऊन गेट बघून परत.

आकडे, एक ते एकतीस

उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस. मग ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से, हे पंधरापर्यंत वेगळे पाठ करायचे. सोळापासून दहा-आणि-सहा असं जोडून येतं: दिएसिसेइस, दिएसिसिएते, दिएसिओचो, दिएसिनुएबे. वीस बेइन्ते, मग बेइन्तिउनो, बेइन्तिदोस असं एकोणतीसपर्यंत. तीस त्रेइन्ता, एकतीस त्रेइन्ता ई उनो.

आपण एकोणतीस, त्रेपन्न, सत्त्याऐंशी असलं सगळं शंभरपर्यंत वेगवेगळं पाठ केलेली माणसं, आपल्याला हे अवघड वाटायचं काही कारण नाही. फक्त दोन गोष्टींत गोंधळ होतो. एक, आपल्याकडं बावीसमधी आधी दोन येतो मग वीस, तिकडं आधी वीस मग दोन. दोन, आपला एकोणतीस हा तीसला एक कमी, तिकडचा बेइन्तिनुएबे हा वीस-नऊ. त्यामुळं मराठीत मोजून भाषांतर करू नका, आकडा डोळ्यासमोर आणून वाचा.

कानाला फसवणाऱ्या जोड्या: दोस न दोसे, त्रेस न त्रेसे, सेइस न सिएते. फोनवर बुकिंग घेताना दोन तारीख आणि बारा तारीख यात चूक झाली तर रूम रिकामी राहते, म्हणून आकडा परत म्हणून दाखवायचा, 'एल दोसे?' असं विचारायचं.

महिने

एनेरो, फेब्रेरो, मार्सो, आब्रिल, मायो, हुनिओ, हुलिओ, आगोस्तो, सेप्तिएम्ब्रे, ओक्तुब्रे, नोबिएम्ब्रे, दिसिएम्ब्रे.

एनेरो सोडला तर बाकी सगळे ओळखीचे आहेत, त्यामुळं यावर फार वेळ घालवू नका. हुनिओ आणि हुलिओमधी तेवढा न आणि ल नीट म्हणा. सेप्तिएम्ब्रेत सात लपलाय आणि ओक्तुब्रेत आठ, पण महिने नववा आणि दहावा, कारण जुनं रोमन वर्ष मार्चमधी सुरू व्हायचं. पाडव्याला वर्ष धरणाऱ्याला यात नवल वाटायला नको.

महिन्यासाठी मात्र 'एन' लागतं. वाराला नाही, महिन्याला हो. 'एन हुनिओ सेम्ब्रामोस ला सोहा', जूनमधी आम्ही सोयाबीन पेरतो. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सोहाला सोया म्हणतात. 'एन मायो आसे मुचो कालोर', मे मधी लई गरमी असते. हे वाक्य तर आपल्याला परभणी-नांदेडकडून कुणीपण जीव ओतून म्हणून दाखवील. पण लक्षात ठेवा, स्पेनवाल्यासाठी मायो म्हणजे प्रिमाबेरा, वसंत. आणि अर्जेंटिनावाल्यासाठी सगळं उलटं, तिकडं एनेरोत बेरानो म्हणजे उन्हाळा. त्यामुळं 'उन्हाळ्यात या' असं सांगण्यापेक्षा महिन्याचं नाव सांगा. आमचं मत विचारलं तर 'एन दिसिएम्ब्रे ओ एनेरो' म्हणा, डिसेंबर किंवा जानेवारीत.

पूर्ण तारीख

क्रम आपलाच. दिवस, महिना, वर्ष. मधी दोनदा 'दे' टाकायचा आणि पुढं 'एल'. बास.

वर्ष मात्र इंग्रजीसारखं दोन तुकड्यांत म्हणत नाहीत. एकोणीस-अठ्ठेचाळीस नाही, एक हजार नऊशे अठ्ठेचाळीस असं पूर्ण. मिल म्हणजे हजार, नोबेसिएन्तोस नऊशे, ओचोसिएन्तोस आठशे. दोन हजार दोस मिल, म्हणजे २०२६ झालं दोस मिल बेइन्तिसेइस. दशकं पण लागतात: क्वारेन्ता चाळीस, सिन्क्वेन्ता पन्नास, सेसेन्ता साठ, सेतेन्ता सत्तर, ओचेन्ता ऐंशी, नोबेन्ता नव्वद. यातले सेसेन्ता न सेतेन्ता हे दोघं सगळ्यात जास्त त्रास देणारे.

पुस्तकातल्या कोलंबसच्या तारखा पाठ करण्यापेक्षा आपल्या तारखा घ्या, त्या आधीच पाठ आहेत, निम्मं काम वाचतं.

मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर १९४८: एल दिएसिसिएते दे सेप्तिएम्ब्रे दे मिल नोबेसिएन्तोस क्वारेन्ता ई ओचो. त्या दिवशी शुक्रवार होता, तर पुढं 'बिएर्नेस' लावून पण म्हणा. मेक्सिकोचा पाहुणा असंल तर त्याला जास्त मजा वाटंल, कारण त्यांचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर, आपल्या एक दिवस आधी.

महाराष्ट्र दिन, १ मे १९६०: एल प्रिमेरो दे मायो दे मिल नोबेसिएन्तोस सेसेन्ता. एक तारखेला लॅटिन अमेरिकेत प्रिमेरो म्हणजे पहिला म्हणतात, स्पेनमधी उनो पण चालतं. बाकी कुठल्याच तारखेला पहिला-दुसरा-तिसरा करायचं नाही, सरळ आकडा.

मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, १४ जानेवारी १९९४: एल कातोर्से दे एनेरो दे मिल नोबेसिएन्तोस नोबेन्ता ई क्वात्रो.

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३: एल त्रेइन्ता दे सेप्तिएम्ब्रे दे मिल नोबेसिएन्तोस नोबेन्ता ई त्रेस. भूकंपाला तेर्रेमोतो म्हणतात. मेक्सिकोच्या माणसाला १९ सप्टेंबर १९८५ ची तारीख अशीच पाठ असते, त्यांच्याकडचा मोठा भूकंप तेव्हाचा.

आणि गाईडांसाठी, २८ एप्रिल १८१९, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीत अजिंठा दिसला ती तारीख: एल बेइन्तिओचो दे आब्रिल दे मिल ओचोसिएन्तोस दिएसिनुएबे. शतकाला सिग्लो. कैलास लेणं आठव्या शतकातलं, 'सिग्लो ओक्ताबो', सिग्लो ओचो म्हणलं तरी कळतं. इसवी सनापूर्वीचं असंल तर मागं 'आन्तेस दे क्रिस्तो' लावा.

मग स्वतःची जन्मतारीख: 'नासी एल...' आणि पुढं तारीख. वाढदिवस म्हणजे कुम्प्लेआन्योस.

आज, काल, उद्या, परवा

ओइ आज, आयेर काल, मान्याना उद्या. मान्यानाचाच अर्थ सकाळ पण होतो, म्हणून उद्या सकाळी म्हणजे 'मान्याना पोर ला मान्याना'. ऐकायला गंमत वाटते पण बरोबर तेच आहे.

आपला परवा दोन्हीकडं चालतो, गेलेला पण परवा आणि येणारा पण परवा, पुढच्या क्रियापदावरून समजून घ्यायचं. स्पॅनिशमधी असं भागत नाही. गेलेला परवा आन्तेआयेर, येणारा परवा पासादो मान्याना. बोलायच्या आधी मनात एकदा ठरवा कुठला म्हणायचाय.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपण म्हणतो 'आठ दिवसांनी ये' आणि म्हणायचा असतो एक आठवडा. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवडे, कुणी चौदा मोजत बसत नाही. स्पॅनिश माणूस पण हुबेहूब असंच बोलतो. 'देन्त्रो दे ओचो दिआस' म्हणजे आठवड्यानं, 'देन्त्रो दे किन्से दिआस' म्हणजे पंधरा दिवसांनी, दोन आठवड्यांनी. आपला पंधरवडा म्हणजे त्यांची किन्सेना. मेक्सिकोत पगार पंधरवड्याला मिळतो बऱ्याच जणांना, त्या पगारालाच किन्सेना म्हणतात. इंग्रजीवाला इथं बोटं मोजत बसतो, आपल्याला काहीच शिकावं लागत नाही.

पुढचा आठवडा 'ला सेमाना के बिएने', येणारा आठवडा, शब्दाला शब्द आपल्यासारखाच. गेला महिना 'एल मेस पासादो'. गेलं वर्ष 'एल आन्यो पासादो'. दोन वर्षांपूर्वी 'आसे दोस आन्योस'. वीकेंडला फिन दे सेमाना.

विचारायचं कसं

आज वार कुठला: 'के दिआ एस ओइ?' उत्तर 'ओइ एस हुएबेस', इथं एल लावायचा नाही. आज तारीख काय: 'के फेचा एस ओइ?' किंवा बोलीत 'आ क्वान्तो एस्तामोस?', आणि उत्तर 'एस्तामोस आ सिंको दे मायो'.

पाहुण्याशी बोलताना उस्तेद वापरा, म्हणजे आपलं तुम्ही-आपण. तू म्हणजे तू च. तरुण पोरं लगेच तू वर येतात, येऊ द्या, पण सुरुवात आपण उस्तेदनं करावी, वयस्कर माणसाशी तर नक्कीच. होमस्टेवर साधारण एवढं लागतं:

क्वान्दो येगा उस्तेद? (कधी पोचताय तुम्ही?)
एल साबादो, त्रेस दे एनेरो. (शनिवारी, तीन जानेवारीला.)
आस्ता के दिआ से केदा? (कुठल्या दिवसापर्यंत थांबताय?)
आस्ता एल मार्तेस. (मंगळवारपर्यंत.)
देल त्रेस आल सेइस, पेर्फेक्तो. (तीन ते सहा, झकास.)

आणि अशा पाहुण्याला तिथंच सांगून टाका की मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा, म्हणजे अजिंठा रविवारी करा न वेरूळ सोमवारी. हे एवढं स्पॅनिशमधी सांगितलं तरी माणूस खूश होतो.

मार्तेसवरून आठवलं, आपल्याकडं शनिवारी नवी चप्पल घेत नाहीत तसं स्पॅनिश लोकांत १३ तारखेचा मंगळवार अशुभ. 'एन मार्तेस, नी ते कासेस नी ते एम्बार्केस' अशी म्हणच आहे, मंगळवारी लग्न करू नको न जहाजात चढू नको. वर वाराला एन लावू नका म्हणलं आणि म्हणीत एन आलाच, पण जुन्या म्हणीला व्याकरणाचे मास्तर काही म्हणत नाहीत, तुम्ही मात्र बोलताना एल च लावा.

रोज काय करायचं

भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्केचपेननं वारांच्या खाली स्पॅनिश नाव लिहा, महिन्याचं पान उलटताना वर महिन्याचं. सकाळी दूधवाल्याचा खाडा मांडताना आजची पूर्ण तारीख मोठ्यानं म्हणायची, वर्षासकट. घरचे हसतील, हसू द्या. आठवडाभर वार, मग आकडे, मग महिने, मग पूर्ण तारीख, या क्रमानंच जा, एकदम सगळं उरावर घेतलं की सोळा-सतरालाच गाडी अडते. दोघं-तिघं मिळून शिकत असाल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाका, एकानं मराठीत तारीख म्हणायची, दुसऱ्यानं स्पॅनिशमधी. लिहून पाठवू नका, लिहिलेलं सगळ्यांनाच येतं.

फॉर्म आणि पॅकिंगवरचे तीन शब्द वेगळे सांगतो. फेचा दे नासिमिएन्तो जन्मतारीख, फेचा दे एन्त्रादा येण्याची तारीख, फेचा दे कादुसिदाद म्हणजे एक्सपायरी. महिने तिथं तीन अक्षरांत छापतात आणि एने, आब्र, आगो, दिक हे चार इंग्रजीपेक्षा वेगळे दिसतात, औषधाच्या पाकिटावर एने दिसलं तर ती जानेवारी आहे.

आणि बुकिंगच्या मेसेजमधी तारीख नुसत्या आकड्यात कधीच टाकू नका. स्पेनवाला ५/६ म्हणजे आपल्यासारखं पाच जून वाचतो, पण अमेरिकेत राहणारा स्पॅनिश बोलणारा माणूस सवयीनं सहा मे वाचू शकतो. 'सिंको दे हुनिओ' असं महिन्याचं नाव अक्षरात लिहा आणि जमलं तर पुढं वार पण टाका, दोन्ही जुळले तरच ॲडव्हान्स घ्या.